दर कुणाला विचारायचा?

फॉक्सप्रोत (हिशोबाचे प्रोग्राम लिहायची जुनी भाषा) आयुष्य गेलेल्या माणसाला ऐन मे महिन्यात, आंब्याच्या सीझनला, रत्नागिरीच्या उकाड्यात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकायला लावणं हा निव्वळ छळ आहे. पण करता काय, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ सालीच बंद केलाय, आणि पावसच्या बागायतदार काकांनी नवीन लॅपटॉप घेतला तो ६४ बिटचा, माझा डॉसमधला प्रोग्राम उघडायलाच तयार नाही. पुण्याचा भाचा सुट्टीला आलेला, तो म्हणाला मामा, आता जावात लिही, मी आहे ना. हे "मी आहे ना" फार महागात पडतं.

जुना प्रोग्राम कसा, वरून वाचायला घेतला की खाली पोचेपर्यंत काम झालेलं. पेट्या किती, पाच डझनी का सहा डझनी, दर काय, गुणा, भाडं वजा, हमाली वजा, पट्टी (बागायतदाराच्या हिशोबाचा कागद) छापा, जेवायला जा. व्हेरिएबल सगळे पब्लिक, कोणीही यावं कोणीही बदलावं, आणि तरी इतक्या वर्षांत कुणाचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही (झाला असेल तर मला कोणी सांगितलं नाही).

भाच्याने आधी पेटीचा क्लास केला, म्हणजे पेटीची माहिती आणि कामं एकत्र ठेवणारा साचा. म्हटलं यात हिशोब कुठाय? तर म्हणे हिशोब इथे नाही, पेटीने फक्त पेटीचं बघायचं. मग विक्रीचा क्लास, गाडीचा क्लास, बागायतदाराचा क्लास, आणि एक इंटरफेस, ज्यात नुसती नावं, काम शून्य. वर सगळं प्रायव्हेट. म्हणजे पेटी मीच केली, डझन मीच भरले, आणि आत किती आंबे आहेत हे विचारायला मलाच गेटर लिहायचा! दर नक्की ठरतो कुठे म्हणून शोधायला निघालो, तर पट्टी म्हणते विक्रीला विचारा, विक्री म्हणते दरपत्रकाला विचारा, दरपत्रक म्हणतं मी इंटरफेस आहे, माझ्यामागे कोण ते रन केल्यावर कळेल. लग्नघरात साखरेचा डबा कुठाय विचारावं तशी गत. डीबगर (प्रोग्राम एकेक ओळ चालवून बघायचं साधन) लावून आत आत आत शिरत शेवटी एका फंक्शनात पोचलो, त्यात एकच ओळ: रिटर्न दर, म्हणजे दर परत दे.

बरं, नवीन फॅड आहे म्हणून नाक मुरडावं तर तीही सोय नाही. नॉर्वेत ओस्लोला दाल आणि न्यूगार्ड या दोघांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लास, सबक्लास (क्लासखालचा क्लास), ऑब्जेक्ट सगळं १९६७ लाच करून ठेवलंय. म्हणजे ही भानगड माझ्याहून वयाने मोठी.

आणि एक मान्य करायलाच हवं, कॅनिंगच्या वेळी मजा आली. कॅनिंगचा माल (रस डबाबंद करायला कारखान्यात जाणारा) किलोवर जातो, पेटी नाही डझन नाही. जुन्या प्रोग्राममध्ये त्यासाठी जागोजागी डू केस (असं असेल तर हे कर, तसं असेल तर ते) घुसवले होते, एक राहिला की पट्टी बोंबलली. इथे विक्रीखाली कॅनिंगविक्री असा क्लास केला, रक्कम काढायची पद्धत तेवढी बदलली, पट्टीच्या कोडला हातसुद्धा लावला नाही. भाचा म्हणाला याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. म्हटलं म्हणा काहीही, चाललं ना.

मग आला वानवळा. लेकीसुनांच्या माहेरी, डॉक्टरांकडे, शेजारी जाणाऱ्या पेट्या. भाच्याने विक्रीचा सबक्लास करून दर शून्य ठेवला आणि काकांचा सरासरी दर असा काही आपटला की ते दलालाला फोन लावायला निघाले! अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव बाईंनी १९८७ मध्ये हेच तर बजावलं होतं, बाप जिथे चालतो तिथे पोर चाललंच पाहिजे. आता वानवळा ही मुळात विक्री आहे का यावर आमचा मामा-भाच्याचा रात्री अकरापर्यंत वाद. शेवटी वर रवानगी नावाचा क्लास, त्याखाली एकीकडे विक्री, एकीकडे वानवळा. मी हे एका इफमध्ये केलं असतं, ते बोललो नाही.

सकाळी काका बघायला आले. सगळं बघितलं, मान डोलवली. मग म्हणाले, "आणि साहेबांकडे पाठवतो त्या पेट्या रे? त्या काय वानवळ्यात धरू नको हां. आणि विक्री पण नाय ती."

भाचा डोकं खाजवत म्हणाला, "मामा, मग याचा रिटर्न टाईप काय ठेवायचा?"

"रिटर्न होय," काका म्हणाले, "ते दिवाळीपर्यंत कळतं."