पट्टे मोकळे आहेत रे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

माझे मामा ७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर सुखोई-७ उडवत होते. आज त्यांना विमानांच्या एका संग्रहालयात घेऊन गेलो. लढाऊ विमानं ओळीनं उभी, ताजा रंग दिलेली, पुढ्यात सेल्फीवाल्यांची गर्दी. मामा काठी टेकत त्यांच्यासमोरून तसेच पुढे गेले, थेट मागच्या कोपऱ्यात. तिथे एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान उभं होतं. साठच्या दशकात बिदरला याच जातीच्या विमानावर ते उडायला शिकले.

त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि विमानाला फेरी मारायला सुरुवात केली. आधी पंख्याचं पातं, मग चाक, पंखाचं टोक, शेपटी, पुन्हा दुसरी बाजू. उड्डाणाआधीची तपासणी! सकाळची गोळी घेतली का, हे मामींना विचारावं लागतं हो त्यांना. पण इथे क्रम चुकला नाही. शेवटी टाचा उंचावून काचेतून आत डोकावले आणि म्हणाले, "पट्टे मोकळे आहेत रे." बोलता बोलता काचेवर हात ठेवला.

"ओ आजोबा! हात लावायचा नाही, कळत नाही का?"

मामांनी हात झटकन मागे घेतला. ज्या माणसानं तोफांच्या माऱ्यात विमान घातलं, त्यानं शाळेतल्या पोरासारखा हात मागे घेतला. ते बघून माझ्या पोटात कालवलं. मी त्या रखवालदाराला नको ते बोललो.

अरे, हे विमान कुणाचं आहे? कोल्हापूरकडच्या हसूरचे डॉ. वि. मा. घाटगे. जर्मनीत गटिंगेनला प्रान्टल या मोठ्या विमानशास्त्रज्ञाकडे शिकून आलेला माणूस. त्यांनी बंगळुरूला हे आखलं आणि १९५१ साली ते उडालं. १५५ अश्वशक्तीचं इंजिन, एकामागे एक दोन सीट. आपलं, आपल्या कारखान्यात बनलेलं. पुढे घानाच्या हवाई दलानंही घेतलं. ७१ला लढलेल्या कितीतरी वैमानिकांचे पाय जमिनीवरून पहिल्यांदा यानंच उचलले. आणि फलकावर काय? नाव आणि लांबी-रुंदी! बाकीच्यांनी युद्ध जिंकलं आणि यानं काय केलं? माणसं घडवली, म्हणून कोपरा?

पट्ट्यांचं गाडीत बसल्यावर कळलं. पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्यानं उडायच्या दिवशी इन्स्ट्रक्टर खाली उतरतो आणि रिकाम्या सीटचे पट्टे स्वतः आवळून बांधतो. मोकळे राहिले तर स्टिकमध्ये, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यात, अडकू शकतात आणि वर गेल्यावर सोडवायला कुणी नसतं. मामा म्हणाले, "साहेब रोज शिव्याच द्यायचे. त्या दिवशी काही बोलले नाहीत. पट्टे बांधले, दोनदा ओढून बघितले आणि खाली उतरले. तेव्हा मला कळलं, की आता मी एकटा जाणार."

एवढं बोलून मामा खिडकीबाहेर बघत बसले. मीही गप्प झालो.

हो, रोज हजार हात लागले तर पत्रा टिकणार नाही, हे मान्य. तो रखवालदारही विशी-बाविशीचा पोरगा, सांगितलेलं काम करत होता. मी त्याच्यावर इतकं ओरडायला नको होतं. चूक त्याची नाहीच. पण ७१ला पंचविशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यातल्या एकाला पाच मिनिटं त्या सीटवर बसू दिलं तर काय बिघडेल? शिडी लावा, दोघांनी हात धरा, बसवा. त्यांच्या हयातीत बसवा! नंतर फोटोला हार घालायला सगळे येतात.

आत्ता मामींचा फोन आला होता. मामा जेवायला बसत नाहीयेत, फोन द्या म्हणतायत.

"उद्या किती वाजता उघडतं रे ते? त्या पोराला नीट सांगू आपण. पट्टे तेवढे बांधून येऊ."