नाराला फक्त हरणांसोबत फोटो काढायला जाऊ नका

जपानहून येऊन तीन आठवडे झाले, फोटो टाकून झाले, पण नारा शहरातल्या एका दिवसाबद्दल लिहायचं राहून गेलंय आणि ते लिहिल्याशिवाय चैन पडत नाहीये. आम्ही चौघं होतो. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आईंचं वय 71, गुडघे दुखतात. निघायच्या आधी दोन-तीन टूरवाल्यांचे प्रोग्रॅम मागवले होते, सगळ्यांचं नारा जवळपास सेम होतं, सकाळी क्योतो, दुपारी दोन तास नारा, हरणांना बिस्किटं, बुद्धासमोर ग्रुप फोटो, संध्याकाळी ओसाका शॉपिंग. शेवटी टूर नको म्हणलं, आपलं आपण जाऊ, आणि नाराला अख्खा दिवस दिला. नवऱ्याला तेव्हा ते जास्त वाटत होतं.

ओसाकात नाम्बाला राहिलो होतो, तिथून किंतेत्सु या रेल्वे लाईनने चाळीसेक मिनिटांत नारा येतं. जेआरचं (जपान रेल्वेचं) स्टेशन वेगळं, ते हरणांच्या पार्कपासून लांब पडतं, त्यामुळे बरोबर म्हातारी माणसं असतील तर किंतेत्सुनेच जा. तिथून पुढेही चालत न जाता बस घेतली. नोव्हेंबरची सुरुवात, हवा छान गार, झाडं नुकती लाल व्हायला लागलेली.

हरणं आहेत, खूप आहेत, हजाराच्या वर, आणि रस्त्यावर अगदी आपल्या गावात गाई फिरतात तशी फिरतात. 200 येनला बिस्किटांचा गठ्ठा मिळतो, आपण मान झुकवली की हरीणही मान झुकवतं, मुलगी तर वेडीच झाली होती. तिथल्या कासुगा देवळाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, म्हणून ही हरणं देवाची. आईंना एवढं सांगितल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे वाहन." बास, पुढे काही समजवावं लागलंच नाही. एक मात्र कळकळीने सांगते, पिशव्या, रॅपर काही म्हणजे काही तिथे सोडू नका. 2019 मध्ये मेलेल्या एका हरणाच्या पोटात चार किलोच्या वर प्लॅस्टिक निघालं होतं. आणि बिस्किट दाखवून लांब धरून त्यांना चिडवू नका, चावतात, आणि चूक त्यांची नसते.

पण मला लिहायचंय ते तोदाईजीबद्दल, म्हणजे तिथल्या मोठ्या बौद्ध देवळाबद्दल. आत जो दाईबुत्सु, म्हणजे मोठा बुद्ध, आहे तो साधारण 15 मीटर उंच, ब्राँझचा, वैरोचन बुद्ध. आठव्या शतकात जपानात देवीची भयंकर साथ आली, 735 ते 737, माणसं किड्यामुंगीसारखी मेली, त्यानंतर सम्राट शोमूने 743 मध्ये ही मूर्ती घडवायचा हुकूम काढला. 752 मध्ये प्रतिष्ठापना झाली आणि त्या दिवशी मूर्तीचे डोळे उघडण्याचा मान मिळाला तो बोधिसेन नावाच्या भिक्षूला. हा बोधिसेन भारतातला! चीनमार्गे 736 मध्ये जपानला पोचला, परत कधी आलाच नाही, 760 मध्ये तिथेच वारला. हातात मोठा ब्रश घेऊन त्याने बुद्धाच्या डोळ्यांत बाहुल्या रेखल्या आणि त्या ब्रशला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या, त्या जमलेल्या लोकांनी हातात धरल्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांनाच. तो ब्रश अजून जपून ठेवलाय त्यांनी, शोसोइन नावाच्या जुन्या भांडारातल्या खजिन्यात.

मी हे आदल्या रात्री वाचलं होतं, तिथे उभी राहून आईंना सांगत होते. आईंचं माहेर पेणचं. लहानपण गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत गेलं. त्या एकदम थांबल्या, म्हणाल्या, "अगं म्हणजे आखणी!" मूर्ती रंगवून तयार असते, पण डोळ्यांची आखणी कुणीही करत नाही, ती एखाद्याच हाताची, आणि तो माणूस आखणीला बसला की आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो, त्याआधी नुसती माती, त्यानंतर गणपती. हे सगळं त्या नातीला सांगत होत्या, बुद्धासमोर उभं राहून, मराठीत, आणि मी बाजूला होऊन नुसती ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मी त्यांना हेही सांगितलं की बोधिसेनाने रेखलेले ते डोळे आता नाहीत. भूकंपात एकदा डोकं खाली आलं, 1180 आणि 1567 मध्ये लढायांत देऊळ जळलं, आत्ताचं डोकं सतराव्या शतकातलं, आत्ताची इमारत 1709 ची. त्यावर आई म्हणाल्या, "दरवर्षी विसर्जन होतं, म्हणून आखणी थांबते का?"

बाहेर पडताना दाराशेजारी लाकडाची एक जुनी मूर्ती बसलीये, अंगावर लाल कापड. जपानी लोक तिला बिन्झुरु म्हणतात, म्हणजे बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं जे दुखतं तिथे मूर्तीला हात लावायचा आणि मग तोच हात स्वतःला. आई म्हणाल्या, "भारद्वाज? हे तर गोत्राचं नाव." आणि त्याच्या गुडघ्यावर बराच वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या. मागे एक जपानी आजी, तिनेही गुडघाच निवडला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती.

दोन तासांत यातलं काय झालं असतं सांगा? गाईड झेंडा हलवत पुढे गेला असता आणि आईंना बसमध्ये बसून राहा म्हणले असते. मी असं होताना डोळ्यांनी बघितलं त्याच दिवशी, एका ग्रुपमधले आपलेच आजी-आजोबा बाकावर पिशव्या सांभाळत बसलेले. बाकीचे आत. मला फार वाईट वाटलं. इतका खर्च करून आईवडिलांना न्यायचं आणि तिथे पिशव्यांजवळ बसवायचं, हे मला पटत नाही, अजिबात नाही. त्यांच्या पायांच्या वेगाने प्रोग्रॅम बनवा ना. जागा कमी होतील, होऊ देत!

जेवणाचं थोडक्यात. आई शुद्ध शाकाहारी, आणि जपानात भाजीच्या रश्शातही बऱ्याचदा दाशी असतं, म्हणजे माशाचं पाणी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, ती हरणांपासून लांब जाऊन खाल्ली. संध्याकाळी स्टेशनजवळ मोची घेतली, म्हणजे तांदळाची मऊ मिठाई, हिरवी, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण. आईंचं मत, पुरण जमलंय पण वेलची हवी होती.

त्याआधी निगात्सुदोला गेलो होतो. टेकडीवरचं देऊळ, पायऱ्या आहेत, आम्ही दर दहा पायऱ्यांना थांबत अर्ध्या तासात चढलो, कुणी घाई करणारं नव्हतं. वरच्या सज्जातून अख्खं नारा दिसतं आणि मधेच तोदाईजीचं प्रचंड छप्पर. सूर्य मावळेपर्यंत बसून होतो.

रात्री हॉटेलवर नवऱ्याने दुसऱ्या दिवसाचा क्योतोचा प्रोग्रॅम काढला. चार देवळं होती. त्याने एकेकाची माहिती आईंना वाचून दाखवली. सान्जुसान्गेनदोमध्ये अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या 1001 मूर्ती आहेत म्हणल्यावर आई म्हणाल्या, ते एकच ठेवा. बाकीची तीन त्याने तिथेच खोडली.