सत्तरीचा गरुड खोटा, सत्तरी ओलांडलेली अल्बाट्रॉस खरी

गरुडाची ती पोस्ट परवा पुन्हा आली. या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर, आणि खाली नमस्कारांची रांग.

तुम्हालाही आलेली असणारच. गरुड सत्तर वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकडी होते, नख्या निकामी होतात, पंख जड होऊन छातीला चिकटतात. मग तो म्हणे उंच कड्यावर जाऊन बसतो, दगडावर आपटून आपटून चोच तोडतो, नवी चोच आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं उपटतो, आणि दीडशे दिवसांनी ताजातवाना होऊन पुढची तीस वर्षं मजेत काढतो. तात्पर्य काय, तर बदलायला शिका. हे मी शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलंय, विमा एजंटांच्या मेळाव्यात ऐकलंय, एका बारशालासुद्धा ऐकलंय.

सगळी थाप आहे. शिकारी पक्ष्याची चोच गेली की त्याला मांस फाडता येत नाही. पाच महिने जाऊ द्या, काही आठवड्यांत तो उपाशी मरेल. चोचीवरचं आणि नख्यांचं आवरण आपल्या नखांसारखं जन्मभर वाढतच असतं आणि वापराने झिजत असतं, त्याला कड्यावर जाऊन तपश्चर्या करावी लागत नाही. पिसंही थोडी थोडी करून गळतात आणि नवी येतात. आणि सत्तर वर्षं? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 1977 मध्ये पिलू असताना पायात ओळखीच्या नंबराची रिंग घातलेला एक बाल्ड ईगल जातीचा गरुड 2015 मध्ये गाडीच्या धडकेने मेला. 38 वर्षं. त्या जातीच्या रानातल्या पक्ष्यांमध्ये नोंदलेलं हे सर्वात मोठं वय आहे. चाळिशीच्या त्या सुप्रसिद्ध संकटापर्यंत हा गडीसुद्धा पोचला नाही.

सत्तरी ओलांडलेली खरीखुरी पक्षीण जगात असताना आपण ही भाकडकथा पुढे ढकलत बसतो, याचा मला खरा वैताग येतो.

तिचं नाव विस्डम. लेसन अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या जातीची मादी. पॅसिफिक महासागरात होनोलुलूपासून दोन हजार किलोमीटरवर मिडवे नावाची चिमुकली बेटं आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या 1942 च्या लढाईमुळे नाव ऐकलं असेल. तिथे 10 डिसेंबर 1956 रोजी चँडलर रॉबिन्स नावाच्या अमेरिकन पक्षीतज्ज्ञाने अंड्यावर बसलेल्या एका मादीच्या पायात ॲल्युमिनियमची रिंग घातली. आपल्याकडचा काळ लक्षात यावा म्हणून सांगतो: बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते आणि महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. अल्बाट्रॉस वयाच्या पाचव्या वर्षाआधी अंडं घालत नाही, म्हणजे तिचा जन्म फार तर 1951 चा. त्याच्याही आधीचा असू शकेल.

खारं पाणी आणि वाळू यांनी ॲल्युमिनियम झिजतं. रिंगा वेळोवेळी बदलाव्या लागतात, आणि जुन्या रिंगेचा नंबर नव्या नंबरापुढे वहीत लिहून ठेवावा लागतो. हे लिहिण्याचं काम कोणी मनापासून केलं नाही तर साठ वर्षांचा पक्षी कागदावर दहा वर्षांचा होतो. 2002 मध्ये रॉबिन्स पुन्हा मिडवेवर गेले, रिंगा तपासल्या, नोंदी मागे मागे लावत नेल्या, तेव्हा कळलं की आपण नुकतीच हातात धरलेली एक मादी आपणच 1956 मध्ये धरली होती. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते, आता ऐंशी ओलांडलेले. 2017 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी ते गेले. विस्डमने 2024 च्या अखेरीस, आधीचा जोडीदार दिसेनासा झाल्यावर, नव्या जोडीदाराबरोबर अंडं घातलं. वय निदान 73.

आणि ती म्हातारी दिसत नाही! मला सर्वात जास्त चकित करतं ते हेच. तिच्या शेजारच्या घरट्यावर बसलेली दहा वर्षांची मादी आणि ती, फोटोत दोघींत फरक सांगता येत नाही. समुद्रपक्ष्यांवर काम करणाऱ्यांमध्ये फोटोंची एक जोडी प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी बेटांवर जॉर्ज डनेट नावाचे प्राणिशास्त्रज्ञ फुलमार या समुद्रपक्ष्याचा अभ्यास करत. 1951 च्या फोटोत तरणेबांड डनेट हातात एक फुलमार धरून उभे आहेत. 1986 च्या फोटोत तेच डनेट, तोच फुलमार. माणसावरून पस्तीस वर्षं गेलेली लख्ख दिसतात. पक्ष्यावरून काही गेल्याची खूण नाही. दोन फोटोंतले पक्षी कोणी अदलाबदल करून दाखवले तर ओळखणार कसे?

बरं, हे सगळं व्हायला नको होतं, अशी पक्ष्यांची शरीररचना आहे. त्यांचं इंजिन सतत तापलेलं. अंगात चाळीस-बेचाळीस अंश तापमान, हृदयाचे ठोके आपल्या कितीतरी पट, आणि रक्तातली साखर? एखाद्या चिमणीचा शुगर रिपोर्ट चुकून आमच्या जोशीकाकांच्या नावावर लागला तर लॅबवाला काकांना फोन करून ताबडतोब ॲडमिट व्हायला सांगेल. इतक्या साखरेत आणि इतक्या उष्णतेत पेशी लवकर खराब व्हायला हव्यात. तरीही साधारण उंदीर-घुशीच्या आकाराचं कबूतर पिंजऱ्यात पस्तीस वर्षांपर्यंत गेल्याची नोंद आहे, उंदराला चार वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. पेशीत ऊर्जा तयार होताना जो हानिकारक कचरा निर्माण होतो तो पक्ष्यांच्या पेशींत कमी निर्माण होतो, आणि त्यांच्या पेशींची आवरणं त्या कचऱ्याला सहजासहजी दाद देत नाहीत, असं संशोधकांना दिसलंय. लीचचा स्टॉर्म पेट्रेल नावाच्या छोट्या समुद्रपक्ष्यात तर गुणसूत्रांच्या टोकांचे जे तुकडे वयाबरोबर आखूड होत जातात ते उलट लांब होताना आढळले.

मूळ कारण उडणं असावं. जमिनीवरचा उंदीर आज ना उद्या मांजराच्या तोंडी जाणारच, त्याच्या शरीराने दहा वर्षांची डागडुजी करून ठेवण्यात अर्थ नाही. उडता येणारा जीव त्यातून निसटतो, आणि मग निसर्गाच्या निवडीत शरीर टिकवून ठेवणाऱ्यांची सरशी होते. वटवाघळाचंही तेच. सैबेरियात ब्रँट जातीचं जेमतेम सात ग्रॅमचं एक वटवाघूळ रिंग घातल्यानंतर 41 वर्षांनी जिवंत सापडलं. सात ग्रॅम!

कावळा शंभर वर्षं जगतो, हेही सोडून द्या. रानातला कावळा पंधरा-वीस वर्षांपर्यंत गेला तरी डोक्यावरून पाणी. पोपटांचं मात्र खरं आहे. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात ‘कुकी’ नावाचा गुलाबी काकाकुवा 1934 मध्ये, वर्षभराचा असताना, ऑस्ट्रेलियातून आला आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये 83 व्या वर्षी मेला. शेवटी त्याला संधिवात होता, मोतीबिंदू होता, हाडं ठिसूळ झाली होती, कारण पहिली चाळीसेक वर्षं त्याला निव्वळ बियांवर ठेवलं होतं. आजकाल रील पाहून मकाव आणि आफ्रिकन ग्रे पोपट घरी आणणाऱ्या हौशी मंडळींना माझा एवढाच प्रश्न असतो: तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे, पक्षी एक वर्षाचा, मृत्युपत्रात त्याची सोय केली आहे का? (देशी राघू तर पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे, तरी प्रत्येक गल्लीत एक मिठू शिट्ट्या मारत असतो.)

पण मला मुळात बोलायचंय ते या आयुष्याच्या किमतीबद्दल. विस्डमची बातमी आली की सगळे “सत्तरीत आई झाली, केवढी ही जिद्द” म्हणून हृदयं टाकतात. जिद्द वगैरे काही नाही. तिचा व्यवहारच तसा आहे. एका वेळी एकच अंडं. ते उबवायला दोन महिने, पिलू उडायला आणखी पाच-सहा महिने, आणि एवढं करून दर वर्षी अंडं घालता येईलच असं नाही. सत्तरेक वर्षांच्या संसारात विस्डमची उडून गेलेली पिल्लं तीसच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. कोंबडी एका वर्षात यापेक्षा किती जास्त अंडी घालते ते तुम्हीच बघा. अशा जातीचं सगळं गणित एकाच गोष्टीवर उभं असतं: मोठे झालेले पक्षी मरता कामा नयेत. शंभर अल्बाट्रॉसांतले पंचाण्णवच्या आसपास पुढच्या वर्षी परत यायला हवेत.

2011 मध्ये जपानच्या त्सुनामीची लाट मिडवेवर आली तेव्हा एक लाखाहून जास्त पिल्लं गेली. विस्डम नंतर पिलाला भरवताना दिसली, त्याची बातमी जगभर झाली. लाख पिल्लं जाणं भयंकरच, पण अल्बाट्रॉस जातीला ते सोसतं. आयुष्यात एक हंगाम बुडाला, पुढचे तीस बाकी आहेत. त्याच लाटेत दोनेक हजार मोठे पक्षीही गेले, आणि त्यांची भरपाई व्हायला कितीतरी वर्षं लागतात. मासेमारीच्या मैलोगणती दोऱ्यांवरच्या गळांना मोठे पक्षीच अडकतात. 2015 पासून मिडवेवरचे साधे घरातले उंदीर रात्री अंड्यावर बसलेल्या अल्बाट्रॉसांना कुरतडू लागले. ते पक्षी उठून जात नाहीत. लाखो वर्षं अशा बेटांवर त्यांना जमिनीवरचा शत्रूच नव्हता, त्यामुळे मान आणि पाठ खाल्ली जात असताना ते अंडं उबवत बसून राहतात.

आता आपल्याकडे या. अरण्यकांडात जटायू रावणाला आपलं वय सांगतो, साठ हजार वर्षं. इगतपुरीजवळच्या टाकेदला त्याची जागा दाखवतात. खरं गिधाड पिंजऱ्यात नीट सांभाळलं तर तीस वर्षांच्या पुढे जाऊ शकतं. पाचेक वर्षांचं झाल्यावर पहिलं अंडं, मग वर्षाला एक. म्हणजे अल्बाट्रॉसचाच व्यवहार.

या व्यवहारात आपण डायक्लोफिनॅक घातलं. दुखणाऱ्या गायी-म्हशींना द्यायचं स्वस्त वेदनाशामक इंजेक्शन. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेलं आणि उकिरड्याशी टाकलं, की ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात आणि आतड्यांवर, यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर जमतो. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. लोकांना वाटतं, म्हणजे गावोगावचं प्रत्येक मढं विषारी असणार. संशोधकांनी गणित मांडलं तेव्हा निघालं की एवढा विध्वंस व्हायला 130 ते 760 मढ्यांमागे एक विषारी मढं पुरेसं आहे. एका मढ्यावर शेकडो गिधाडं उतरायची. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा तपासला. चिमण्या असत्या तर एवढ्याने त्यांना फरक पडला नसता, त्यांनी दोन हंगामांत भरून काढलं असतं. दीर्घायुषी जातीला अर्धा टक्का मढ्यांतलं विषही पेलत नाही.

मुंबईत मलबार हिलच्या डोंगरवाडीवर पारशी समाजाच्या अंत्यविधीला गिधाडं उरली नाहीत, म्हणून उन्हाची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. रायगडमध्ये म्हसळा-श्रीवर्धनच्या पट्ट्यात काही घरटी टिकली, तीही गावकऱ्यांनी आणि स्थानिक मंडळींनी मेलेली जनावरं ठरलेल्या जागी नेऊन टाकायची सवय लावून घेतली म्हणून.

फ्लेमिंगोंचंही तेच गणित आहे आणि ते कोणी मांडत नाही, म्हणून दोन वाक्यं. ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला एक फ्लेमिंगो 2014 मध्ये मेला तेव्हा निदान 83 वर्षांचा होता. 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला उतरत्या विमानाला धडकून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले, तेव्हा “हजारो येतात, त्यात चाळीस म्हणजे किती” असं मी सुशिक्षित लोकांकडून ऐकलं. वर्षाला फार तर एक अंडं घालणारे, आणखी कित्येक वर्षं अंडी घालू शकणारे चाळीस पक्षी. पाणथळ जागांवर भराव टाकून त्यांना जागा बदलायला लावताना हा हिशेब कुठल्याच अहवालात दिसत नाही.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, तर 2015 मध्ये त्या 3 मिलीच्या कुपीपुरत्या मर्यादित कराव्या लागल्या. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तसल्याच दोन वेदनाशामकांचा जनावरांसाठी वापर बंद झाला. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आहे, हे 2006 पासून माहीत आहे, आणि ते सहज मिळतं. या यादीतही बघा, एकेक पाऊल टाकायला आपल्याला आठ-नऊ वर्षं लागली.

तर गावाकडे ज्यांच्या घरी गायी-म्हशी आहेत, ज्यांचा कोणी मेहुणा किंवा भाचा जनावरांचा डॉक्टर आहे, गोशाळेला जे देणगी देतात, त्यांनी एकदा विचारा की दुखण्यावर कुठलं इंजेक्शन वापरता. मेलॉक्सिकॅमव्यतिरिक्त दुसरं नाव सांगितलं तर कुपीवरचं लेबल वाचून बघा, बंदी आलेलं औषध तर नाही ना, आणि इंजेक्शन दिलेलं जनावर त्यानंतर दोन-चार दिवसांत गेलं तर ते उघड्यावर टाकू नका, पुरा. कोकणातल्यांनी तर नक्कीच.