"पेटी ठेवा आणि विसरा" म्हणे

महिनाभरात हा एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला, त्यात माझी सख्खी आत्यापण आहे जिला चांगलं माहितीये की मी नऊ वर्षं मधमाशा पाळतेय. मेसेज लांबलचक आहे, हात जोडलेले इमोजी वगैरे, पण मुख्य मुद्दे एवढेच: मधमाशीची पेटी घ्या, बागेत ठेवा आणि विसरा. वर्षाला 30 किलो मध. साखर कधीच द्यायची नाही, मध भेसळीचा होतो. राणी मेली तर पेटी संपली, नवीन आणा. रोग आला तर पाकात अँटिबायोटिक. खरा मध कधी साखरत नाही. आणि पाळीव माशी चावत नाही.

साखर द्यायची नाही पण पाकात औषध द्यायचं, हा पाक कशाचा करणार आहेत देव जाणे.

पहिलं ते विसरा-प्रकरण घेते, कारण हेच ऐकून मी पहिल्या वर्षी तोंडावर पडलेय. आमच्या पेट्या सातारच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ. पहिली सातेरीची (आपली पेटीत राहणारी देशी मधमाशी) वसाहत मार्चमध्ये आणली, जांभूळ फुललेलं, माशा अशा जोरात की मला वाटलं आपल्या हाताला गुण आहे. जूनमध्ये पाऊस लागला, मी म्हटलं आता कशाला उघडायचं, भिजतील बिचाऱ्या, आणि सरळ ऑगस्टमध्ये झाकण काढलं तर आत एक माशी नाही, पोळ्यांवर जाळी धरलेली आणि त्यात मेणकिड्याच्या (पोळ्याचं मेण खाणारा पतंग) जाड अळ्या वळवळतायत. मेणकिड्याने माशा घालवल्या असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले. उलटं होतं ते. माशा आधी गेल्या, रिकामं घर बघून किडा नंतर माजला.

सातेरीचं हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे हौशी माणसाने पाळायची माशी तीच. आपलं भागत नाही असं दिसलं की ती मुक्काम हलवते, आणि रागारागात उठून जात नाही, तयारी करून जाते. राणी अंडी घालायचं थांबवते, परागकण आणणं कमी होतं, आतली शेवटची पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबतात, उरलासुरला मध पोटात भरून घेतात आणि मग एक दिवस सगळी वसाहत उठते. म्हणून रिकामी पेटी सापडली तर आधी पोळं बघा. अंडी-अळ्या काहीच नाही, मधाचा थेंब नाही, म्हणजे उपासमारीने किंवा कंटाळून ठरवून गेल्या, आणि त्याची लक्षणं दोन-तीन आठवडे आधीपासून तुमच्या डोळ्यासमोर होती. अळ्या तशाच टाकून गेल्या असतील तर काहीतरी अचानक घडलंय, मुंग्या चढल्या असतील नाहीतर कोणीतरी पेटीशी खेळ केला असेल. मुंग्यांवर उपाय जुनाच, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, आणि वाट्या भरलेल्या आहेत ना ते बघायचं. मी हेही विसरलेय एकदा.

बरं, विसरायचं नाही म्हणजे रोज उघडायचं असंही नाही हां. नवीन लोक दर दोन दिवसांनी झाकण काढून बघतात आणि त्यानेही सातेरी वैतागून जाते. फुलोऱ्याच्या दिवसात आठ-दहा दिवसांनी एकदा, पंधरा मिनिटं, बास. आठ-दहाच का, तर नवीन राणीचं घर अंड्यापासून मेणाने बंद व्हायला साधारण आठ दिवस लागतात, त्यामुळे पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबणारी घरं दिसली तर वसाहत फुटायच्या आत तुमच्या हातात थोडा वेळ राहतो. तेव्हाच दुसऱ्या पेटीत विभागणी करून घ्या, नाहीतर अर्ध्या माशा शेजारच्या आंब्यावर आणि तुम्ही खाली हात कमरेवर ठेवून. राणी शोधत बसायची गरज नाही. पोळ्याच्या साध्या घरांमध्ये उभी राहिलेली ताजी अंडी दिसली म्हणजे ती तीन दिवसांत तिथे होती. पेटीच्या तळाची फळी खरवडून पुसून घ्या, मेणकिडा तिथल्या कचऱ्यातच वाढतो, आणि माशांनी न झाकलेली जादा पोळी काढून घ्या. स्मोकरचे (धूर सोडायचा डबा) दोन-तीन झोत पुरतात, मेसेजच्या एका आवृत्तीत "भरपूर धूर द्या" लिहिलंय, तो डासांसाठी असेल.

पावसात मात्र उघडझाप कमी. तिथे साखर येते, आणि इथे मेसेज अर्धा बरोबर आहे म्हणूनच जास्त घातक आहे. मधाचा हंगाम चालू असताना, वर सुपर (मध साठवायचा वरचा कप्पा) चढवलेला असताना पाक दिलात तर तो तुमच्या बाटलीत येणार, ती भेसळच, त्यात वाद नाही. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर फुलं कमी, आणि जी आहेत त्यांच्यावर जायला पाऊस उसंत देत नाही, आणि तुम्ही मे महिन्यात त्यांचा साठा काढून खाल्लेला असतो! मग त्यांनी काय खायचं? साखर आणि पाणी सारखं घेऊन पाक, एका वसाहतीला आठवड्याला साधारण 200 ग्रॅम साखर, संध्याकाळी, पेटीच्या आत, बाहेर न सांडता (सांडलं की शेजारच्या पेटीतल्या येऊन लूटमार करतात). फुलोरा सुरू झाला की बंद. आणि खरं सांगायचं तर मे मध्ये दोन फ्रेमचा (पोळं बांधायच्या लाकडी चौकटी) मध तसाच ठेवलात तर एवढी साखर लागतच नाही.

30 किलो. हा आकडा हवेतून नाही आला, पण तो दुसऱ्याच माशीचा आहे. मेलिफेरा ही युरोपची माशी, आपल्या देशात 1960 च्या दशकात तेव्हाच्या पंजाबातल्या, आताच्या हिमाचलमधल्या नगरोटा बगवांला रुजली. ती पाळणारे व्यावसायिक लोक पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे फिरतात, हिवाळ्यात राजस्थान-उत्तर प्रदेशात मोहरीवर, मग पुढे दुसऱ्या पिकावर, तेव्हा कुठे तसा आकडा निघतो. तुमची पेटी बागेत एका जागी बसलेली. सातेरी वर्षाला पाच ते दहा किलो देते, तेही आजूबाजूला जांभूळ, हिरडा, गेळा असं काही असेल तर. आमच्याकडे चांगल्या वर्षी सहा-सात किलो, आणि एका वर्षी शून्य. शहरात चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत किती, ते मी सांगून कोणाचं मन मोडत नाही.

मध काढायचा पण फ्रेम गरगर फिरवणाऱ्या यंत्राने, पोळं पिळून नाही. मेण तयार करायला माशा कित्येक पट मध खर्च करतात, तुम्ही पोळं मोडलं की पुढचा हंगाम त्या घरच बांधत बसणार. फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग मेणाने बंद झाल्याशिवाय हात लावू नका, त्याआधी पाणी जास्त असतं आणि मध आंबतो. एफएसएसएआयची (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) मर्यादा 20 टक्के पाण्याची आहे. आणि साखरण्याचं म्हणाल तर खरा मध साखरतोच, मोहरीचा तर फार लवकर, ते ग्लुकोजच्या प्रमाणावर असतं. कोमट पाण्यात बाटली ठेवा, होतो पातळ.

राणी मेली तर पेटी संपली? अहो, राणी करण्याची सोय त्यांच्याच घरात असते. अंडी किंवा तीन दिवसांच्या आतली अळी असली की कामकरी माशा तिच्यातूनच नवीन राणी वाढवतात, ती बाहेर येऊन, मिलन होऊन अंडी घालेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. अडचण अशी की भर पावसात राणी गेली तर नर नसतात आणि मिलनाला उडता येत नाही. तेव्हा वाट बघत बसलात तर कामकरी माशाच अंडी घालायला लागतात, एकेका घरात दोन-दोन तीन-तीन, आणि त्यातून फक्त नर निघतात. त्याआधीच ती वसाहत राणी असलेल्या दुसऱ्या पेटीला जोडायची, मध्ये वर्तमानपत्राचा कागद, टाचणीने चार भोकं पाडलेला. त्या कागद कुरतडून हळूहळू एकमेकींच्या वासाला सरावतात. पेटी फेकायची काय गरज.

अँटिबायोटिकवर मात्र मला राग येतो. सातेरीला सगळ्यात मोठा फटका बसलाय तो थाई सॅकब्रूडचा, 1991-92 च्या सुमारास दक्षिणेत त्याने वसाहतीच्या वसाहती साफ केल्या. तो विषाणू आहे. अळी पाण्याच्या पिशवीसारखी होऊन घरातच मरते. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे सर्दीच्या वेळी डॉक्टर आपल्याला सांगतातच, इथे वर ते मधात उतरतं ते वेगळंच. करायचं काय तर आजारी पेटीच्या फ्रेम दुसरीकडे फिरवायच्या नाहीत, हत्यारं धुवायची, राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची म्हणजे माशांना घर साफ करायला वेळ मिळतो, आणि ज्या वसाहती टिकल्या त्यांच्यातूनच पुढच्या वाढवायच्या.

पाळीव माशी चावत नाही. बरोबर, चावत नाही, डंख मारते. काटा नखाने लगेच खरवडून काढा, त्याला चिकटलेली पिशवी विष सोडत राहते. सूज आली तर घाबरू नका, पण श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी आल्या तर लिंबू-चुना न करता थेट दवाखाना. घरात कोणाला आधी अशी रिअ‍ॅक्शन आली असेल तर पेटी आणूच नका, हे मी आत्यालाही सांगितलं, काकांना एकदा गांधीलमाशीने अ‍ॅडमिट करायला लावलंय.

मेसेजमधलं एक वाक्य मला पटलं, पेटीचं तोंड पूर्वेला ठेवा. सकाळचं ऊन लवकर लागतं, माशा लवकर कामाला निघतात. फक्त दुपारी सावली पाहिजे, आमच्या चारही पेट्या फणसाखाली आहेत, आणि फणस पडायच्या दिवसात तेवढ्या सरकवाव्या लागतात.