‘सरप्राइजच्या नावाखाली काहीही पाजतात’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

२७ डिसेंबरच्या संध्याकाळी आपण नऊ मित्रमैत्रिणी आमच्या पुण्यातील मायक्रोब्रुअरीत ‘बंद जग’च्या बैठकीसाठी आला होतात आणि दोनच दिवसांनी आपण दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. तो मी, आमचे ब्रुअर (बिअर बनवणारे) आणि त्या रात्री आपल्या टेबलावर असलेला आमचा कर्मचारी असा आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचला. पहिली बिअर डालड्यासारखी लागली, एक खारट-आंबट निघाली, एकीत केळ्याचा इसेन्स होता, एक निव्वळ पाणी होती, स्टाउट ही काळी बिअर कोमट आली, माप खोकल्याच्या औषधाचे होते, सोबत आणलेल्या बाटल्या उघडू दिल्या नाहीत, धाकट्या भावाला एक घोटही दिला नाही, आणि काहीही विचारले की ‘सरप्राइज आहे, सर’ एवढेच ऐकायला मिळाले, असे आपले म्हणणे आहे. यातील शेवटची तक्रार मला सर्वांत जास्त लागली, कारण आमची खरी चूक तिच्यातच दडलेली आहे.

इतर वाचकांसाठी सांगतो की, ‘बंद जग’ म्हणजे नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात, बाहेरगावी आणि परदेशी गेलेली मंडळी घरी आलेली असताना, जुन्या मित्रांनी एकमेकांसाठी गुपचूप बिअर निवडण्याचा खेळ आहे. प्रत्येकाने चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याच्यासाठी आमच्या बारा नळांपैकी एका नळाची बिअर काउंटरवर हळूच सांगायची, मग ती कापडात गुंडाळलेल्या अर्ध्या लिटरच्या जगातून टेबलावर येते, सगळे चाखतात आणि ज्याच्यासाठी ती निवडली त्याने ती कोणती बिअर हे ओळखायचे.

आता डालड्याविषयी. पहिला जग हेलेस या फिक्या जर्मन लागरचा होता आणि आपल्या मैत्रिणीने पहिल्याच घोटाला ‘हे साजूक तूप नाही, डालडा आहे’ असे म्हटल्याचे आपण लिहिले आहे. त्यांचे नाक अचूक आहे. आपला अभिप्राय वाचल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्यातून दोन पेले भरले, दोन्हींवर फॉइल लावले, एक थंड ठेवला आणि दुसरा ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास उभा केला. नंतर तोही गार करून दोन्हींचे फॉइल काढले, तेव्हा थंड पेल्यातून माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडसर वास आणि त्यामागे लोण्याची अगदी पुसट चाहूल आली, पण तापवलेल्या पेल्यातून मध्यंतरातल्या सिनेमागृहासारखा पॉपकॉर्नचा वास आला. आमचे ब्रुअर काही न बोलता तो पेला सिंकमध्ये ओतून आले.

या वासाला कारण डायासिटिल हा लोण्यासारख्या वासाचा पदार्थ. बिअर आंबत असताना यीस्ट एक असा पदार्थ बाहेर टाकते की ज्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, पण पुढे त्याचेच हळूहळू डायासिटिल होते, आणि यीस्ट जिवंत व कामात असेल तर ती ते पुन्हा शोषून घेते. लागर १० ते १२ अंशांवर सावकाश आंबते, म्हणून शेवटी टाकीचे तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस बिअर तशीच राहू द्यायची असते. आम्ही त्या बॅचला पुरते दोन दिवसही दिले नाहीत. सुट्ट्यांच्या गर्दीसाठी तीच टाकी रिकामी हवी होती, आकडे ठीक दिसत होते, त्या दिवशी चाखली तेव्हा वासही नव्हता, आणि मी स्वतः ‘करा थंड’ असे सांगितले. वास नव्हता, कारण तो अजून तयार व्हायचा होता. गरम पाण्याची ही चाचणी अशाच वेळी करायची असते हे मला गेली कित्येक वर्षे माहीत आहे, त्यामुळे ही चूक ना यीस्टची, ना ब्रुअरची. ती माझी आहे.

परंतु त्याहून वाईट प्रकार टेबलावर घडला. आपण तक्रार केलीत, आणि आमच्या कर्मचाऱ्याने, त्याला आम्ही शिकवले होते तसे, ‘सरप्राइज आहे’ असे उत्तर दिले. खेळात बिअरचे नाव लपवायचे असते, बिघाड नव्हे. पहिल्याच जगाला हे उत्तर मिळाल्यावर पुढच्या आठ जगांपैकी कोणता मुद्दाम वेगळा आहे आणि कोणता नासलेला आहे, हे आपण कशावरून ठरवणार होतात? त्यामुळे पुढील काही तक्रारींशी मी सहमत नसलो, तरी त्या आपल्या मनात का आल्या हे मला पूर्णपणे समजते.

खारट-आंबट बिअर नासलेली नव्हती. ती गोझे होती. म्युनिकहून सुट्टीवर आलेल्या आपल्या मित्रांनी ‘जर्मन माणूस बिअरमध्ये मीठ घालत नाही’ असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियापुरते ते मान्य आहे, कारण तिथल्या १५१६ च्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी यांखेरीज काही घालायला मनाई केली होती. गोझे मात्र उत्तरेकडच्या गोस्लार गावची आहे, तिथल्या गोझे नदीवरून तिला नाव मिळाले आणि पुढे लाइपझिग शहराने तिला आपलेसे केले. तिच्यात गहू, धने आणि मीठ असते, आणि आंबटपणा दह्यात असतात त्या जातीच्या जिवाणूंमुळे येतो. आम्ही तिच्यात सिंधुदुर्गातले कोकम घालतो, त्यामुळे सोलकढी आवडणाऱ्याला ती चटकन आपली वाटते आणि न आवडणाऱ्याला मुळीच नाही. आंबट, खारट किंवा खूप कडू बिअर नको असेल तर चिठ्ठ्या काढण्यापूर्वीच तसे सांगा, हे आम्ही विचारायला हवे होते. तेवढ्याने गुपित फुटत नाही.

केळ्याच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. त्या जगात इसेन्सचा थेंबही नव्हता. ती हेफेवाइत्सेन, म्हणजे यीस्ट गाळून न काढलेली गव्हाची बिअर होती, आणि तिच्या खास जातीच्या यीस्टमुळे आंबतानाच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार होतो. केळ्याला ज्या घटकामुळे वास येतो तोच घटक इथेही असतो. गढूळपणाही गहू आणि यीस्ट यांचाच. (१५१६ च्या त्या फर्मानात गहूही बसत नव्हता. पुढे बव्हेरियाच्या राजघराण्याने गव्हाच्या बिअरचा हक्क स्वतःकडेच ठेवला, हे आपल्या म्युनिकच्या मित्रांना चिडवण्यासाठी उपयोगी पडेल.)

पाण्यासारखी लागलेली बिअर कोल्श ही हलकी, फिकी जर्मन बिअर होती, आणि तिच्यावर अन्याय आम्ही केला. चिठ्ठ्या कशाही क्रमाने निघाल्या तरी जग हलक्याकडून जड आणि कडू बिअरकडे लावून आणायचे, असा आमचा नियम आहे. त्या रात्री काउंटरवर गर्दी झाली, ज्या क्रमाने फर्माइश आली त्याच क्रमाने जग बाहेर गेले, आणि तिसऱ्या क्रमांकावर आयपीए (इंडिया पेल एल) ही भरपूर हॉप्सची कडू बिअर गेली. तिच्या कडवटपणानंतर लगेच कोल्श प्यायली तर ती पाणीच लागणार. मिरचीचा ठेचा खाऊन वर पेढ्याची पारख करण्यासारखे ते आहे. स्टाउट मात्र आम्ही जाणूनबुजून १० ते १२ अंशांवर देतो, कारण बर्फासारखी थंड केली की तिच्यातला कॉफी आणि कोको यांच्यासारखा भाजका स्वाद झाकला जातो. आपल्याला ती अधिक थंड हवी होती तर तशी मिळायला हवी होती, यात वाद नाही.

मापाचा हिशेब सरळ आहे. नऊ जग, प्रत्येकी अर्धा लिटर आणि माणसे नऊ. म्हणजे एका वेळी साधारण ५५ मिलिलिटर, पण बैठक संपेपर्यंत माणशी अर्धा लिटर. पेला खोकल्याच्या औषधाच्या झाकणाची आठवण करून देतो हे खरे आहे, आणि ‘एकूण किती मिळणार’ हे फलकावर लिहिलेले नव्हते, हेही खरे आहे. आता लिहिले आहे.

दोन गोष्टींबद्दल मात्र मी दिलगिरी व्यक्त करणार नाही. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते, आणि आपल्या मित्रांच्या बाटल्या त्या मर्यादेत होत्या याबद्दल मला शंका नाही. परंतु आमच्या परवान्याच्या जागेत बाहेरचे मद्य उघडू दिले तर परवाना आमचा जातो. त्या बाटल्या आम्ही फ्रीजमध्ये ठेवून जाताना परत केल्या. तसेच महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि आपले बंधू २० वर्षांचे होते; ‘घरच्यांसमोर एक घोट’ अशी सवलत देण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्यांना तीन तास नुसते पाणी पीत बसावे लागले, हे यजमान म्हणून मला शोभणारे नव्हते. ज्यांना बिअर प्यायची नाही किंवा पिता येत नाही, त्यांच्यासाठीही आता एक झाकलेला जग असेल आणि त्यात आमचे कोकम सरबत किंवा आल्याचे घरगुती पेय असेल.

हेलेसची ती संपूर्ण बॅच आम्ही नळावरून काढून ओतून दिली आहे. २४ ते २९ डिसेंबर या काळात ज्यांनी ती घेतली असेल त्यांनी बिल दाखवावे, त्या बिअरचे पैसे परत मिळतील. आपल्या टेबलाच्या त्या जगाची पूर्ण रक्कम आपण ज्या मार्गाने बिल भरले त्याच मार्गाने परत केली आहे. हा अभिप्राय आपण बदलावा अशी त्यामागे अपेक्षा नाही. आपल्या टेबलावरच्या कर्मचाऱ्यावर कृपया राग धरू नये, त्याने आम्ही शिकवलेलेच वाक्य म्हटले होते. यापुढे कोणी वासाची किंवा चवीची तक्रार केली, तर कापड तिथल्या तिथे काढून, बिअरचे नाव सांगून, ब्रुअरला टेबलावर बोलवायचे असे ठरले आहे, मग खेळ अर्ध्यावर मोडला तरी चालेल.

नवी हेलेस सध्या टाकीत आहे आणि या वेळी तिला तीन दिवस मिळतील. नळ सुरू करण्याच्या आदल्या सकाळी आम्ही पुन्हा तेच दोन पेले लावणार आहोत, एक थंड आणि एक तापवलेला. डालडा ओळखणाऱ्या आपल्या मैत्रिणी तेव्हा पुण्यात असतील आणि त्यांना सवड असेल, तर त्यांनी येऊन दोन्ही पेल्यांचा वास घ्यावा. त्यांनी नाही म्हटले तर नळ उघडणार नाही.

आपला नम्र,
मालक