आषाढातला वसंत आणि ट्रॅक्टरचं पातं

गवत कापायच्या ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत वसंतातल्या दाट, ओल्या गवतासाठी योग्य पातं निवडायला सांगितलेलं असतं. लिहिणारा बर्फ वितळणाऱ्या मुलखातला. ठाण्यात चैत्र-वैशाखात गवत नसतं, टँकर असतात. आपल्याकडे हा वसंत आषाढात येतो आणि श्रावणापर्यंत लॉन गुडघ्याला लागतं. त्यात सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते. म्हणजे गवत आणि सभासद एकाच वेळी तरारून उठतात.

घोडबंदर रोडच्या एखाद्या मोठ्या संकुलात असा ट्रॅक्टर असला, की पात्याबद्दल मत सगळ्यांना असतं. डेकच्या, म्हणजे खालच्या त्या लोखंडी परातीच्या, आत वाकून कुणी पाहिलेलं नसतं.

पाहिलं तर कळतं की पातं कापण्याइतकंच वारा घालायचं काम करतं. पात्याच्या मागच्या कडेला वर वळलेला एक कान असतो. पातं फिरलं की हा कान खालची हवा वर ओढतो, लोळलेलं गवत उभं राहतं, मग कापलं जातं आणि बाजूच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. कान उंच असेल तर ते हाय-लिफ्ट पातं. कान बुटका असेल तर लो-लिफ्ट. ते धुळीच्या, रेताड जमिनीसाठी. माती कमी उडते, धार जास्त टिकते, इंजिनही धापा टाकत नाही. तिसरं मल्चिंगचं, नागमोडी, जास्तीच्या धारेचं. ते गवत आतल्या आत पुन्हा पुन्हा चिरून तिथंच जमिनीवर सोडतं.

खजिनदारकाकांचं बोट हमखास या तिसऱ्यावर पडतं. ‘अहो, खत फुकट! कचऱ्याच्या पिशव्या वाचल्या!’ काकांचं गणित बरोबर आहे, महिना चुकलाय. मल्चिंगला गवत कोरडं आणि थोडं लागतं. श्रावणातलं ओलं गवत डेकच्या छताला थापलं जातं, हवेला जागा उरत नाही, आणि मग दर चार पावलांवर मशीनच्या पोटातून हिरवा पोह पडतो. लॉनवरून नुकतीच एखादी म्हैस निवांत फिरून गेल्यासारखं दिसतं. ते पोह दाताळ्यानं पसरले नाहीत तर खालचं गवत पिवळं पडतं, आणि ते पिवळे ठिपके सभेत निघतात.

माझं सरळ मत: जून ते ऑक्टोबर हाय-लिफ्ट, मल्चिंगचं झाकण काढून, तोंड मोकळं ठेवून. तोटा एकच, उंच कान इंजिनाची ताकद जास्त खातो. अशा वेळी आपले लोक काय करतात? पेट्रोल वाचवायला रेस कमी करतात आणि गाडी मात्र जोरात दामटतात. हवं नेमकं उलट. इंजिन पूर्ण रेसवर, गाडी गोगलगायीच्या चालीनं, आणि दर फेरीला पात्याची अर्धीच रुंदी गवतात. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. नऊ इंच वाढलं असेल तर तीन इंच घ्यायचं, दोन-तीन दिवस थांबायचं, मग आडव्या फेऱ्या मारायच्या. ‘एकदाच बारीक करून टाका’ हे वाक्य न्हाव्याकडे ठीक आहे.

आता खरेदी. ‘बेचाळीस इंची मशीनचं पातं द्या’ म्हणून कुणी दुकानात जाऊ नये. बेचाळीस ही डेकच्या कापाची रुंदी. आत बहुधा दोन पाती असतात, साधारण २१ इंचांची. माप एका टोकाच्या कोपऱ्यापासून मधल्या भोकावरून समोरच्या टोकाच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत घ्यायचं. लांब पातं आणलं तर दोघं आत एकमेकांना भिडतात. आखूड आणलं तर मधोमध न कापलेली पट्टी राहते आणि लॉनला मुंजीच्या बटूसारखी शेंडी येते. भोकाचेही प्रकार आहेत: गोल, पाच टोकांची चांदणी, सहा टोकांची चांदणी. सगळ्यात बरं म्हणजे जुनं पातं घासून सोबत न्यावं. नंबर बहुतेक वेळा मधल्या भोकाजवळ कोरलेला असतो, दोन पावसाळ्यांच्या वाळक्या चोथ्याखाली.

बसवताना आधी किल्ली काढायची, स्पार्क प्लगची टोपी काढायची, मगच हात आत. पातं अडवायला लाकडाचा ठोकळा, पाय नव्हे. कान वर, डेककडे. उलटं बसलं तरी पातं फिरतं, आवाजही तोच येतो, फक्त गवत कापलं न जाता चघळलं जातं आणि नंतर शेंडे तपकिरी पडतात. यावर ‘बुरशी आली’ असं निदान करून औषध फवारणाऱ्या समित्याही असतात.

धार वरच्या बाजूनंच, मूळच्या उतारानं, साधारण ३० अंशांत. वस्तरा करायचा नाही. फार पातळ धार पहिल्याच खड्याला दुमडते. ग्राइंडर दाबून धरला आणि कडा निळी पडली, तर पोलादाचं पाणी गेलं. धार झाली की तोल पाहायला पातं भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकात आडवं अडकवायचं. जी बाजू खाली झुकेल ती थोडी अजून घासायची. हा सोपस्कार टाळला तर आधी सीट थरथरते, मग बेअरिंग जातं. अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर हा आकडा नुसता उच्चारला तरी लोक हळवे होतात.

काकांची मल्चिंगची पाती फुकट जात नाहीत. दिवाळीनंतर गवताचा जोर ओसरतो, दव सुकल्यावर दुपारी ती उत्तम चालतात. तोवर तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पंपरूमपासून लांब ठेवावीत. इथल्या दमट हवेत गंजाला सभेची मंजुरी लागत नाही.