घानाची सीपीपी: मतांचा आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा

पश्चिम आफ्रिकेच्या राजकारणाची चर्चा निघाली की एक दावा हमखास पुढे येतो. ‘घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या ज्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीने, म्हणजे सीपीपीने, घानाला स्वातंत्र्य मिळवून दिले, तिला आज एक टक्काही मते पडत नाहीत, जनतेने एन्क्रुमांना मतपेटीतून नाकारले, घाना त्यांना विसरला आणि उरलेल्या या पक्षाच्या असण्या-नसण्याने कोणालाच काही फरक पडत नाही,’ असे त्याचे साधारण स्वरूप असते. यातला आकडा बरोबर आहे. 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाचे उमेदवार आयव्हर ग्रीनस्ट्रीट यांना 0.24 टक्के मते मिळाली आणि 2012 पासून पक्षाचा एकही सदस्य संसदेत निवडून गेलेला नाही. मात्र या आकड्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष तपासून पाहावा लागतो.

पहिली गफलत ‘मतपेटीतून नाकारले’ या शब्दांतच आहे. एन्क्रुमांची सीपीपी खुल्या निवडणुकीत कधी हरलीच नाही. 12 जून 1949 रोजी राजधानी अक्रा येथे स्थापन झालेल्या या पक्षाने 1951 ची निवडणूक जिंकली तेव्हा खुद्द एन्क्रुमा तुरुंगात होते आणि तिथूनच ते अक्रातून निवडून आले. 1954 आणि 1956 च्या निवडणुकाही पक्षाने जिंकल्या. त्याची सत्ता गेली ती 24 फेब्रुवारी 1966 च्या लष्करी उठावात, एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना. नव्या राजवटीने पक्षावर बंदी घातली. अर्थात, मतदारांना कौल देण्याची संधी एन्क्रुमांनीच आधी काढून घेतली होती. 1964 मध्ये त्यांनी घानाला एकपक्षीय राष्ट्र केले, आणि त्यांच्या चाहत्यांना ही गोष्ट सोयीस्करपणे आठवत नाही. तरीही मतदारांनी नाकारणे आणि सैन्याने हटवणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

दुसरे गृहीतक असे की, 1949 चा तोच पक्ष अखंड चालत आला आणि हळूहळू झिजत गेला. 1966 ते 1992 या 26 वर्षांत घानामध्ये पक्षीय राजकारणाला जेमतेम पाच-सहा वर्षे मिळाली. बाकीचा काळ लष्करी राजवटींचा होता. त्या तुटपुंज्या काळातही 1979 मध्ये हिल्ला लिमान यांची पीपल्स नॅशनल पार्टी निवडून आली. नाव वेगळे असले तरी विचार आणि बरीचशी माणसे एन्क्रुमा परंपरेतलीच होती. या पक्षाने संसदेच्या 140 पैकी 71 जागा जिंकल्या आणि लिमान राष्ट्राध्यक्ष झाले. बंदीनंतर तेरा वर्षांनी मिळालेला हा कौल नकाराचा म्हणता येत नाही. ते सरकारही 31 डिसेंबर 1981 रोजी जेरी रॉलिंग्ज यांच्या उठावाने पडले.

खरी पडझड 1992 नंतरची आहे आणि तिची कारणे विचारापेक्षा संघटनेत शोधावी लागतात. त्या वर्षी बहुपक्षीय निवडणुका परतल्या तेव्हा बंदी घातलेल्या जुन्या पक्षांची नावे वापरण्यास मनाई होती, त्यामुळे सीपीपी या नावाने मते मागणेच शक्य नव्हते. एन्क्रुमावादी म्हणवणारे तीन उमेदवार, लिमान, क्वाबेना डार्को आणि इमॅन्युएल अर्सकिन, एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि तिघांची मिळून साधारण 11 टक्के मते झाली. याच परंपरेतला चौथा गट तर ती निवडणूक जिंकणाऱ्या रॉलिंग्ज यांच्याच आघाडीत गेला आणि त्या गटाचे को एन्केन्सेन आर्का उपराष्ट्राध्यक्ष झाले. हेच आर्का 1996 मध्ये जॉन कुफुओर यांच्या जोडीने उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. कुफुओर यांचा पक्ष मात्र एन्क्रुमांच्या जुन्या विरोधकांचा वारसा सांगणारा. एका कार्यकाळात दोन्ही मांडवांत जेवून आलेल्या नेत्यामागे मतदाराने कुठे म्हणून जावे? पुढे तुकडे जोडून सीपीपी हे नाव परत आले, तरी लिमान यांची पीपल्स नॅशनल कन्व्हेन्शन वेगळीच राहिली. 2008 चे सीपीपीचे उमेदवार पा क्वेसी एन्डूम यांनी 2012 च्या निवडणुकीपूर्वी स्वतःचा निराळा पक्ष काढला. या भांडणांचा दोष पक्षाच्या पुढाऱ्यांकडेच जातो. शिवाय एका मतदारसंघातून एकच खासदार निवडणाऱ्या पद्धतीत विखुरलेल्या मतांना जागा मिळत नाहीत, आणि 2020 मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारी अर्जासाठी एक लाख सेडी (घानाचे चलन) भरावे लागत होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

‘घाना त्यांना विसरला’ या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. अक्रामध्ये एन्क्रुमांचे स्मारक उभे राहिले ते रॉलिंग्ज यांच्या काळात. 21 सप्टेंबर या त्यांच्या जन्मदिवसाला ‘संस्थापक दिन’ म्हणायचे की नाही, यावर दोन मोठ्या पक्षांची सरकारे कायदे बदलत आली आहेत. विस्मृतीत गेलेल्या माणसाच्या वाढदिवसावरून संसदेत रणे माजत नाहीत.

राहता राहिला ‘फरक पडत नाही’ हा मुद्दा. घानाच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात. ती कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. 2008 च्या पहिल्या फेरीत कुफुओर यांच्या पक्षाचे नाना अकुफो-आडो 49.13 टक्क्यांवर आणि रॉलिंग्ज यांच्या पक्षाचे जॉन अटा मिल्स 47.92 टक्क्यांवर थांबले. सीपीपीच्या एन्डूम यांना मिळालेली मते होती 1.34 टक्के, म्हणजे एक लाख तेरा हजारांच्या आसपास. अकुफो-आडो यांना 0.87 टक्के, म्हणजे एन्डूम यांच्या मतांपेक्षाही कमी मते, कमी पडल्यामुळे 28 डिसेंबरला दुसरी फेरी घ्यावी लागली, टाइन या एका मतदारसंघातले मतदान 2 जानेवारी 2009 पर्यंत लांबले, आणि सरतेशेवटी पहिल्या फेरीत मागे असलेले मिल्स सुमारे चाळीस हजार मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले.